मरणावर बोलायला अनोळखी माणसंच कशाला हवीत?

फटकळ

गेल्या आठवड्यात इथे डेथ कॅफेवर एक लेख आला होता. ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी: लेखिका अशा एका बैठकीला जाऊन आल्या, अनोळखी माणसं चहा-केक घेत दोन तास मृत्यूवर बोलली, सगळ्यांना हलकं वाटलं. इथवर माझी हरकत नाही. पण शेवटी त्यांनी ठोकून दिलंय की ज्यांना या विषयावर चारचौघांत बोलता येत नाही, ते मृत्यूला नाकारत जगतात. तिथे माझं डोकं फिरलं. प्रतिसादात मावेना म्हणून हा वेगळा धागा.

सासऱ्यांचं शेवटचं आजारपण मी काढलंय. दर दोन तासांनी कूस बदलायची, पाठीच्या जखमा पुसायच्या, रात्री-अपरात्री "मला घेऊन चला" म्हणून ओरडायचे ते ऐकायचं. कुठे न्यायचं ते त्यांनाही सांगता येत नसे. त्या काळात मी मृत्यूबद्दल कोणाशीही 'मोकळेपणाने' बोलले नाही, कारण अंघोळीलाही धड वेळ मिळत नव्हता. मग मी नकारात जगत होते का?

आणि त्या बैठकांत बोलतात काय? मेल्यावर काय उरतं, कोणाला कसं मरण आवडेल, कोणाची आजी झोपेत गेली. सगळे धडधाकट माणसांचे विषय! घरात पडणारे प्रश्न असे असतात: गिळता येईनासं झालं तर नाकातून नळी घालायची का? व्हेंटिलेटर लावायचा का? भावाभावांचं जमलं नाही तर शेवटचा शब्द कोणाचा? हे परक्यांसमोर बोलून काय होणार? ज्याने उत्तर द्यायचं तो त्या खोलीत नसतोच.

केतकीचे_बन

तो लेख माझा नाही, आणि ते शेवटचं वाक्य मलाही खटकलं. पण अशा बैठका मी घेते, म्हणून लिहिते.

बर्नार क्रेटाझ नावाच्या स्विस समाजशास्त्रज्ञाने २००४ मध्ये 'काफे मॉर्तेल', म्हणजे मरणावर बोलायच्या अशाच बैठका, सुरू केला. त्यावरून जॉन अंडरवुडने २०११ मध्ये लंडनला स्वतःच्या घरी पहिला डेथ कॅफे भरवला. त्याची आई सायकोथेरपिस्ट, म्हणजे बोलण्यातून मानसोपचार करणारी, पहिली बैठक तिनेच चालवली. नियम मोजकेच. वक्ता नाही, ठरलेला विषय नाही, कोणाला कुठल्या निष्कर्षाकडे ढकलायचं नाही, काही विकायचं नाही. ही शोकसभा नाही आणि समुपदेशनही नाही. नुकतंच कोणी गेलेलं असेल तर आम्ही स्वतःच सांगतो, आत्ता येऊ नका, तुम्हाला वेगळा आधार लागेल.

तुम्ही म्हणता, घरी बोला. ताई, आमच्याकडे येणारी बहुतेक माणसं घरी बोलून बघूनच आलेली असतात. विषय काढला की मुलं म्हणतात, "बाबा, असलं अभद्र काही बोलू नका." सत्तरीच्या माणसाला स्वतःच्या मरणाबद्दल घरात एक वाक्य पूर्ण करू देत नाहीत. परक्या माणसाला त्या वाक्याने धक्का बसत नाही. एकदा ते तोंडातून बाहेर पडलं की घरी जाऊन पुन्हा म्हणणं सोपं जातं.

एक_वाटसरू

केक का लागतो हे अजून कळलं नाही.

केतकीचे_बन

हातांना काहीतरी काम हवं म्हणून. नाहीतर सगळे टेबलाकडे बघत बसतात.

निवृत्त_नारद

केक असू द्या, पण शोकाचे म्हणून सांगतात ते पाच टप्पे तेवढे बंद करा. जिथे मरणाचा विषय निघतो तिथे कोणीतरी नकार, राग, वाटाघाट वगैरे पाढा म्हणतोच. एलिझाबेथ कुब्लर-रॉस बाईंनी १९६९ मध्ये ते मांडले ते मरणाच्या दारातल्या रुग्णांशी बोलून. मागे राहिलेल्यांना ते नंतर चिकटवले गेले, आणि आता तर नोकरी गेली तरी पाच टप्पे, मोबाइल हरवला तरी पाच टप्पे!

माझी पत्नी गेली त्यानंतर एका समुपदेशकाने मला विचारलं, "काका, तुम्ही आत्ता रागात आहात की वाटाघाटीत?" मी म्हटलं, मी रांगेत आहे. मृत्यूच्या दाखल्याच्या.

फटकळ

काका 🙏 मला म्हणायचं होतं ते तुम्ही एका ओळीत सांगितलंत.

सडेतोड_७७

ज्या अंडरवुडचं एवढं कौतुक चाललंय तो स्वतः ४४व्या वर्षी गेला. चोवीस तास मरणाचा जप केल्यावर दुसरं काय होणार? वाईट विचारांनी वाईटच घडतं.

केतकीचे_बन

लाज वाटायला हवी असं लिहायला. २०१७ मध्ये गेला तो, मेंदूत रक्तस्राव होऊन. रक्ताचा कर्करोग होता आणि त्याचं निदानच झालं नव्हतं. घरी लहान मुलं होती. त्याच्यामागे आईने आणि बहिणीने काम पुढे नेलं. तुमच्या 'विचारां'ना त्यात कुठे जागा आहे ते सांगा.

एक_वाटसरू

बोलल्याने माणूस मरत असता तर हा धागा एव्हाना ओस पडला असता. सडेतोड, तुम्हीही आता बोललात. जपून राहा.

आयसीयू_रात्रपाळी

नर्स आहे. मूळ प्रश्नावर दोन शब्द.

रात्री तीन वाजता बाहेरच्या बाकावरच्या नातेवाइकांना उठवून आम्ही विचारतो, "हृदय बंद पडलं तर छाती दाबायची का?" लोक म्हणतात, "सगळं करा." कारण मालिकेत छाती दाबली की माणूस उठून बसतो. अमेरिकेत १९९६ मध्ये मालिका बघून कोणीतरी हे मोजलं होतं. पडद्यावर चारांतले तीन वाचत होते. प्रत्यक्षात रुग्णालयात हृदय बंद पडलेल्यांपैकी घरी जाणारे साधारण चार-पाचांत एक, आणि वय नि आजार मोठा असेल तर त्याहूनही कमी. म्हाताऱ्या माणसाच्या बरगड्या मोडतात. तो आवाज हाताला कळतो.

एका खाटेपाशी मुलगी म्हणाली, "बाबांनी सांगून ठेवलंय, मशीन नको." ती रडत होती, पण तिचा निर्णय झालेला होता. शेजारच्या खाटेची तीन भावंडं सकाळपर्यंत भांडली. वडील मधल्यामध्ये तसेच. पहिली मुलगी आणि तिचे बाबा कुठल्या कॅफेत बोलले की गच्चीवर, मला त्याच्याशी काही देणंघेणं नाही. बोलले होते, एवढं पुरे.

पण केतकीताई, नुसत्या हलकं वाटण्यानेही भागत नाही. मेलबर्नला ऐंशी आणि त्यापुढच्या ३०९ रुग्णांवर एक अभ्यास झाला, २०१० मध्ये छापून आला. ज्यांच्याशी प्रशिक्षित माणसाने नीट बसून बोलणं केलं, त्यांच्यातल्या मृतांपैकी ८६ टक्के जणांच्या इच्छा माहीत होत्या आणि पाळल्या गेल्या. बाकीच्यांत ३० टक्के. आणि ते बोलणं रुग्णाशी आणि शक्यतो घरच्यांना सोबत घेऊन झालं होतं.

फटकळ

घरच्यांना घेऊन! म्हणजे माझाच मुद्दा. आभारी आहे.

कडू_कारले

तुम्ही सगळे फार पुढचं बोलताय. ज्याला मरायचंय त्यालाच आपण आजार सांगत नाही. बैठका कसल्या भरवता?

बाबांना जठराचा कॅन्सर होता. आईला माहीत, काकांना माहीत, शेजाऱ्यांना माहीत. बाबांना सांगितलं होतं अल्सर. डॉक्टरने आधी काकांना केबिनमध्ये घेतलं आणि काकांनी तिथेच ठरवून टाकलं. मी कॉलेजात होतो, मला विचारतो कोण. बाबांनी माझ्यासमोर काकांना सरळ विचारलं, "खरं काय ते सांग." काका म्हणाले, "अरे, पुढच्या महिन्यात हिंडायला लागशील." बाबा हसले आणि भिंतीवरचा बोर्ड वाचला. विभागाचं नाव मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं. त्यानंतर त्यांनी कोणालाच काही विचारलं नाही. आम्हाला वाईट वाटू नये म्हणून शेवटपर्यंत अल्सरच्या गोळ्या म्हणून घेतल्या.

शंखपुष्पी

तुमचं दुःख समजते, पण प्रत्येक घर सारखं नसतं. आईने मला आधीच बजावलं होतं, "मला काय झालंय ते मला सांगू नकोस, तू बघ." मी बघत होते. एक दिवस राउंडवरच्या शिकाऊ डॉक्टरने तिला थेट सांगून टाकलं, यकृतात पसरलाय म्हणून. उभ्या उभ्या, हातात दुसऱ्याची फाइल. त्या दिवसापासून आई भिंतीकडे तोंड करून पडली. तिचे उरलेले चांगले दिवस त्या एका वाक्याने खाल्ले. म्हणून 'सत्य सांगा, सत्य सांगा' ऐकलं की मला संताप येतो.

कडू_कारले

रिपोर्ट कोणाच्या नावाचा होता? तुमच्या की त्यांच्या?

शंखपुष्पी

आई माझी होती. तिने मला जे सांगितलं ते मी केलं. राग तुमच्या काकांवर आहे ना? मग त्यांच्यावर काढा.

कडू_कारले

काका गेले. त्यांना मात्र डॉक्टरने सगळं सांगितलं होतं, कारण त्यांनी तसा हट्ट धरला होता. स्वतःच्या बाबतीत त्यांना सत्य चाललं.

निवृत्त_नारद

भांडू नका, थोडा इतिहास ऐका. १९६१ मध्ये शिकागोच्या एका रुग्णालयात डॉक्टरांना विचारलं होतं. ९० टक्के म्हणाले, कॅन्सर झाल्याचं रुग्णाला सांगण्याकडे आमचा कल नाही. १९७९ मध्ये अमेरिकेतच तशीच प्रश्नावली पुन्हा फिरली. ९७ टक्के म्हणाले, सांगण्याकडे कल आहे. १८ वर्षांत अख्खं कोष्टक उलटं. डॉक्टर एकदम सत्यवादी झाले म्हणून नव्हे. मधल्या काळात उपचार वाढले, आणि उपचारांना रुग्णाची संमती घ्यायची तर आजाराचं नाव घ्यावंच लागतं. त्यामुळे यात नीतीचा विजय वगैरे फार शोधू नये.

शंखपुष्पी

सांगतात म्हणजे कसं सांगतात, हे आहे का तुमच्या कोष्टकात?

निवृत्त_नारद

नाही.

आयसीयू_रात्रपाळी

वाईट बातमी कशी द्यायची हे आता शिकवतात. बसून बोलायचं, आणि सांगण्याआधी रुग्णालाच विचारायचं, "तुम्हाला तुमच्या आजाराबद्दल किती जाणून घ्यायचंय? की कोणाशी बोलू?" शंखपुष्पी, तुमच्या आईने तेव्हा तुमचं नाव घेतलं असतं आणि तेही सत्याला धरूनच झालं असतं. कारले, तुमच्या बाबांना हा प्रश्न विचारला असता तर ते "सगळं सांगा" म्हणाले असते. शिकवतात असं म्हटलं. वॉर्डात किती जण करतात ते विचारू नका. एकेका डॉक्टरला तासात इतके पेशंट असतात की खुर्ची ओढायलाही सवड नसते.

शंखपुष्पी

हे चालेल. पण मग त्या शिकाऊ डॉक्टरला हे कोणी का शिकवलं नव्हतं?

कडू_कारले

मलाही चालेल, एवढंच की बाबांनी, कोणी त्यांना न विचारता, स्वतःहून विचारलं होतं. त्यावर तुमच्या पद्धतीत काय उत्तर आहे?

आयसीयू_रात्रपाळी

त्यावर एकच उत्तर असतं. खरं सांगणं.

एक_वाटसरू

धागाकर्त्या फटकळताई, तुमच्या धाग्यावर चार-पाच अनोळखी माणसांची आपापली मरणं सांगून झाली, सुरुवात तुम्हीच केलीत. केक तेवढा राहिला.

फटकळ

फार हुशार आहात. लिहिणं आणि गोल करून एकमेकांच्या डोळ्यांत बघत बसणं यात फरक आहे. इथे मी मधेच उठून कुकर बंद करून आले, कोणी "तुम्हाला आत्ता काय वाटतंय" असं विचारलं नाही.

काल नवऱ्याला विचारलं, तुला व्हेंटिलेटर लावायचा का. म्हणाला, "आत्ता? जेवताना?" नंतर भांडी आवरताना स्वतःच म्हणाला, बाबांसारखं नको. पुढचं मी विचारलं नाही, त्यानेही सांगितलं नाही. बैठकीला मी येणार नाही, केतकीताई. ज्यांच्या घरात हेही होत नसेल त्यांनी खुशाल जावं, त्यांना मी बोल लावणार नाही. पण जे जात नाहीत त्यांना नकारात जगणारे म्हणायचं नाही, एवढं तुमच्या लोकांना सांगा.

केतकीचे_बन

सांगते. 'तुमचे लोक' मात्र म्हणू नका, आम्ही काही पंथ काढलेला नाही.

सडेतोड_७७

तरी पंथच वाटतो.

निवृत्त_नारद

रात्रपाळी, एक व्यवहाराचं विचारतो. माझी मुलं तीन, तिघांची तीन मतं. शेवटच्या उपचारांबद्दलच्या माझ्या इच्छांचा कागद करायचा ठरवला तर त्यात नेमकं काय असावं?

आयसीयू_रात्रपाळी

कायदा जिथला तिथला, त्यामुळे साक्षीदार वगैरे वकिलाला विचारा. आमच्या बाजूने सांगते. पहिलं, तुम्हाला बोलता आलं नाही तर तुमच्या वतीने बोलणारी एकच व्यक्ती नाव घालून लिहा. दोन नावं लिहाल तर आम्ही पुन्हा बाकावरच. दुसरं, नुसतं "मशीन नको" लिहू नका. निमोनिया झाला आणि चार दिवसांच्या मशीनने बरं होऊन घरी जाता येणार असेल, तर तेही नको का? कुठल्या अवस्थेत नको ते लिहा: माणसं ओळखत नसाल तेव्हा, सुधारणेची आशा नाही असं डॉक्टर म्हणतील तेव्हा. तिसरं, कागद कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मध्यरात्री चावी सापडत नाही.

निवृत्त_नारद

एकाचं नाव लिहिलं की बाकी दोघं रुसणार.

आयसीयू_रात्रपाळी

आत्ता रुसू देत. आमच्या दाराशी रुसण्यापेक्षा बरं.

निवृत्त_नारद

मग थोरलीचं लिहितो. ती कोणाचं ऐकत नाही, ते पहिल्यांदाच उपयोगी पडेल.

कडू_कारले

काका, नाव लिहिलंय हे तिला स्वतः सांगा. आणि काही झालं तर तुम्हाला खरं सांगायचं की नाही, तेही त्याच फोनवर सांगून टाका.

निवृत्त_नारद

खरंच सांगायचं, यात विचारायचं काय? सांगतो आजच. तिचा फोन लागला तर.