मदत हवी आहे: मगच्या झाकणाचा वास जाईना

मंडळी, हिंजवडीला ऑफिसात नेतो त्या स्टीलच्या इन्सुलेटेड मगला आंबूस दुधाचा वास धरलाय. स्टीलचा काही दोष नाही, वास मुरलाय तो झाकणाच्या सिलिकॉन रिंगेत. खायचा सोडा घालून गरम पाणी रात्रभर ठेवलं (झाकण न लावता, नाहीतर आत दाब धरतो). स्टीलचा मग एकदम स्वच्छ, रिंग तशीच! व्हिनेगरने जरा फरक पडला, पण टिकला नाही. ब्लीच नको, क्लोरीनने स्टीलला बारीक खड्डे पडतात.

रिंग पाण्यात उकळलेली कोणी आहे का? नंतर सैल पडून गळत तर नाही ना? आणि सुटी रिंग बोहरी आळीत किंवा तुळशीबागेत मिळेल का? दुकानदार अख्खं झाकणच घ्या म्हणतोय. आईचा उपाय, 'चहा घरूनच पिऊन जा', तेवढा सोडून सांगा.