सम नसलेल्या संगीताला दाद कशी द्यायची?

संत्रानगरी:
रविवारी दुपारी धरमपेठेतल्या एका छोट्या सभागृहात फ्री जॅझ ऐकलं. सॅक्सोफोन, गिटार, ड्रम्स, तिघंच. राग नाही, ताल नाही, आधी ठरवलेलं काहीच नाही. मध्यंतरात बरेच जण उठून गेले. जाताना एक काका म्हणाले, "यांना वाजवता येत नाही." माझं मत अगदी उलट आहे. वाजवता येतं म्हणूनच हे जमतं, आणि नागपुरात हे वरचेवर व्हायला हवं.

एक जागा सांगतो. ड्रमरने काठ्या खाली ठेवल्या आणि व्हायोलिनचा गज झांजेच्या कडेवरून ओढला. बारीक, लांब स्वर निघाला. सॅक्सवाला गप्प ऐकत राहिला. मग त्याच स्वराला चिकटून, पण किंचित उतरलेला, असा आपला स्वर त्याने लावला. तानपुऱ्याची जोडी जुळत येते तेव्हा कानात जो कंप जाणवतो, तोच कंप! गिटारवाल्याने नेमक्या त्या कंपाच्या गतीने तारेवर टिचक्या मारायला सुरुवात केली. कुणी लिहून दिलेलं नव्हतं हे.

मध्यलय:
उठून गेलेल्यांत मीही होते. तुम्ही सांगितलेली जागा मलाही आवडली. पण बाकी वेळ तिघं तीन दिशांना होते, त्याचं काय?

उपज, म्हणजे आयत्या वेळी सुचलेलं गाणं, आपल्याकडेही आहे. पण राग ठरलेला असतो, म्हणून गायकाने वाट कुठे वाकवली ते श्रोत्याला कळतं. झपतालाच्या दहा मात्रा मीही मनात मोजत असते, म्हणून समेला, म्हणजे पहिल्या मात्रेला, मान आपोआप हलते. इथे मी काय मोजू? वसंतराव देशपांड्यांचं शिक्षण याच गावात शंकरराव सप्रे यांच्याकडे सुरू झालं. वसंतरावांची तान पुढे कुठे जाईल ते सांगता यायचं नाही, तरी मारवा राग मारवाच राहायचा. चौकट होती म्हणून ते धाडस दिसलं.

संत्रानगरी:
चौकट इथेही असते, फक्त ती वेगळी असते. अमेरिकन सॅक्सोफोनवादक ऑर्नेट कोलमनने 21 डिसेंबर 1960 रोजी न्यूयॉर्कमध्ये आठ वादकांच्या दोन चौकड्या केल्या, एक डाव्या स्पीकरवर, दुसरी उजव्या, आणि सुमारे 37 मिनिटं सलग वाजवलं. 'फ्री जॅझ' हीच ती रेकॉर्ड. तिच्यातही एकेकाच्या पाळीआधी सगळ्यांनी मिळून वाजवायचे तुकडे ठरलेले होते आणि खाली बास-ड्रम्सची लय धावत होती. रविवारचे वादक त्याहून पुढचे, इंग्लंडचा गिटारवादक डेरेक बेली याच्या वाटेचे. कुठल्याच शैलीची बोली बोलायची नाही, हा त्यांचा आग्रह. मग बंधन उरतं एकच: सोबत्याने आत्ता काय वाजवलं.

इतवारीवाला:
भाऊ, गोंगाटाची आपल्याला काय नवलाई? पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मिरवणुकीत काळी आणि पिवळी मारबत, या दोन मोठ्या पुतळ्या, समोरासमोर येतात तेव्हा दोन्हीकडचे ढोल-ताशे एकमेकांत घुसतात, तिथून कोणी उठून जात नाही. रविवारी लोकायले खुर्च्यांवर बसवलं आणि काय चालू आहे ते कोणी सांगितलंच नाही. सुरुवातीले दोन मिनिटं बोलले असते तर अर्धे थांबले असते.

मध्यलय:
मारबतीला मी उत्सवासाठी जाते, गाणं ऐकायला नाही. आणि संत्रानगरी, "सोबत्याने काय वाजवलं" एवढंच बंधन असेल तर चूक कशाला म्हणायची? मी गाणं शिकवते. सोबत माझी एक विद्यार्थिनी होती. परतताना तिने विचारलं, "ताई, मग आपण पलटे, हे स्वरांचे ठरलेले क्रम, कशाला घोटतो?" तिला मी काय सांगू?

ठेकेदार_तबला:
ताई, चूक होते, आणि रविवारी झाली. उत्तरार्धात सॅक्सवाला अगदी हळू एक स्वरवाक्य सुरू करत होता, तेवढ्यात गिटारवाल्याने पेडल दाबून आवाजाची भिंत उभी केली. सॅक्स तिथेच थांबला. विलंबित ख्यालात गायक स्वर लावतोय आणि तबलजी भरीचे बोल वाजवतोय, तीच ही चूक. मी साथ करतो, मला ती लगेच बोचली. तुमच्या विद्यार्थिनीला सांगा, इतक्या हळू स्वर धरून ठेवायला फुंकेचा फार रियाज लागतो. दीड तास मात्र जास्त होता. चाळीस मिनिटं पुरतात, त्यापुढे वादकांचेच कान थकतात आणि ते सवयीचं वाजवू लागतात. तुम्हाला तीन दिशा वाटल्या त्या बहुधा तिथेच.

मध्यलय:
चुकीबद्दलचं तुमचं म्हणणं पटलं. पुढच्या वेळी येईन, पुढे बसेन. पण माझं एक ऐका. त्या सॅक्सवाल्याला एकदा तानपुऱ्यासोबत बसवा. षड्ज, म्हणजे सा, लागलेला असू द्या, मग वाजवू दे काय वाजवायचं ते. तो कुठवर गेला हे मला कळेल.

संत्रानगरी:
ताई, तानपुरा लागला की त्याचा प्रत्येक स्वर षड्जाच्या नात्याने ऐकला जाणार. त्याला नेमकं तेच नको आहे. तरी मी त्यांना विचारतो. ते नाही म्हणाले, तरी तुम्ही या.