स्टिकलबॅक मासा वीस वर्षांत बदलला म्हणतात, हे खरं आहे का?

दांडियाबाजारवाला
मंडळी एक शंका आहे, हसू नका. भाची बडोद्यातच झूलॉजी घेऊन बीएस्सी करतेय, ती परवा जेवताना म्हणाली की अलास्कातल्या एका तळ्यात स्टिकलबॅक नावाचा बोटाएवढा मासा आहे, पाठीवर तीन काटे असलेला, आणि त्याच्या अंगावरचं हाडांचं चिलखत वीस वर्षांच्या आत गेलं. मी म्हटलं काहीही काय, उत्क्रांती म्हणजे लाखो वर्षांचं काम, तर म्हणे मामा तू अजून शाळेच्या पुस्तकातच आहेस. आता मला सांगा, खरं असेल तर एवढ्या झटपट नवीन जीन येतो कुठून? का उन्हात फिरलं की आपण काळवंडतो तसं नुसतं पाणी बदललं म्हणून अंग बदललं, आणि लोक त्यालाच उत्क्रांती म्हणतायत? रविवारी परत तिच्यासमोर बसायचंय, जरा उलगडून सांगा.

सूक्ष्मदर्शी
भाची बरोबर आहे, रविवारी वाद घालू नका 😄

तळ्याचं नाव लोबर्ग. हौशी मासेमारीसाठी दुसरे मासे सोडायचे म्हणून 1982 मध्ये तिथले होते नव्हते ते सगळे मासे औषध घालून मारले. नंतरच्या काही वर्षांत समुद्रातले स्टिकलबॅक आपले आपण ओढ्यातून वर चढून आत शिरले. समुद्रातल्याच्या दोन्ही कुशींवर डोक्यापासून शेपटीपर्यंत हाडाच्या उभ्या पट्ट्या असतात, एका बाजूला तीसेक. मायकल बेल नावाच्या शास्त्रज्ञांनी 1990 मध्ये मासे पकडून पाहिले तेव्हा जवळपास सगळे असे पूर्ण चिलखतवाले होते, आणि 2001 पर्यंत तीन चतुर्थांश मासे अगदी थोड्या पट्ट्यांचे झाले होते. या माशाची पिढी एक-दोन वर्षांची, म्हणजे फार पिढ्या पण नाही लागल्या.

काळवंडण्याचं म्हणाल तर ते तपासून झालंय. दोन्ही प्रकारच्या माशांची पिल्लं लॅबमध्ये एकाच पाण्यात वाढवली तरी पट्ट्या आईबापांसारख्याच येतात, म्हणजे फरक जीनमधलाच.

आता जीन आला कुठून, तर गंमत अशी की तो नवीन आलाच नाही. डेव्हिड किंग्जली यांच्या स्टॅनफर्डच्या लॅबने 2005 मध्ये दाखवलं की पट्ट्यांचा हा खेळ मुख्यतः ईडीए नावाच्या एका जीनचा आहे, आणि त्याचं कमी पट्ट्यांचं रूप लाखो वर्षं जुनं आहे. समुद्रातल्या माशांत ते फार थोड्यांकडे असतं, आणि ज्याच्याकडे त्याची एकच प्रत असते तो बहुतेक वेळा दिसायला पूर्ण चिलखतवालाच, त्यामुळे बाहेरून पत्ता लागत नाही. हे मासे अंडी घालायला गोड्या पाण्यात चढतात, तिथल्या माशांशी जुळतात, आणि तो जीन परत थोडा थोडा समुद्रात जात राहतो. हिमयुग संपलं तेव्हा, म्हणजे दहा-बारा हजार वर्षांपूर्वी, बर्फ वितळून हजारो नवी तळी झाली आणि प्रत्येक तळ्यात शिरलेल्या घोळक्यातल्या कुणा ना कुणाकडे हा जीन होताच. तळ्यात त्याचा फायदा, समुद्रात तोटा. म्हणून कॅनडा, स्कॉटलंड, नॉर्वे कुठेही जा, एकमेकांशी संबंध नसलेल्या तळ्यांत तोच प्रकार झालाय आणि बहुतेक ठिकाणी त्याच जीनमुळे.

जाता जाता, माणसात हाच जीन बिघडला की दात, केस आणि घामाच्या ग्रंथी नीट होत नाहीत. डार्विनने सिंधमधल्या एका हिंदू कुटुंबाबद्दल लिहून ठेवलंय, चार पिढ्यांत दहा पुरुष, दात मोजके, टक्कल लवकर आणि उन्हाळ्यात फार हाल. हा तोच आजार असं आज धरतात. आपल्याकडच्या मे महिन्यात घाम न येणं म्हणजे काय हे बडोदेकरांना वेगळं सांगायला नको.

अलकापुरी_काका
लेख चांगला आहे पण मला पटत नाही. यात मिळवलं काय त्या माशाने? चिलखत होतं ते गेलं. ह्याला प्रगती म्हणायची का अधोगती? आणि शेवटी मासा तो मासाच राहिला ना भाऊ.

विश्वामित्रीकाठ
काका, प्रगती-अधोगती हे आपण ठरवतो, माशाला फक्त पुढच्या उन्हाळ्यापर्यंत जगायचं असतं. तळ्यात पाणवनस्पतींमध्ये झटकन लपता आलं तर जड चिलखत काय कामाचं, शिवाय ते बनवायला खर्च येतो आणि कमी पट्ट्यांची पिल्लं वाढतातही भराभर.

आणि उलटं पण झालंय की. सिएटलजवळ लेक वॉशिंग्टन आहे, त्यात शहराचं सांडपाणी जायचं, पाणी इतकं गढूळ की मीटरभर खालचं दिसायचं नाही. 1960 च्या दशकात सांडपाणी दुसरीकडे वळवलं, पाणी निवळलं, आणि मग त्यांना खाणाऱ्या ट्राउट माशांना स्टिकलबॅक लांबूनच दिसायला लागले. तर तिथे पूर्ण चिलखतवाले 1960 च्या दशकाच्या शेवटी साधारण 6 टक्के होते ते 2005 मध्ये 49 टक्के झाले. जीन तोच, वारं फिरलं की पारडं फिरतं. (विश्वामित्री स्वच्छ झाली तर आपल्या मगरींचं काय होईल ह्यावर वेगळा धागा काढा कुणीतरी.)

मासा मासाच राहिला म्हणता, पण कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या बेटांवर पॅक्स्टन नावाचं तळं आहे, त्यात दोन जातींचे स्टिकलबॅक शेजारी शेजारी राहतात. एक तळाशी चिखलातले किडे खाणारा, जाडजूड आणि रुंद तोंडाचा, दुसरा वरच्या पाण्यातले बारीक जीव टिपणारा, सडपातळ. फारसे आपसात जुळत नाहीत. डॉल्फ श्लूटर यांनी आयुष्य घातलंय ह्यावर. जवळच्याच एनोस तळ्यातही अशीच जोडी होती, तिथे बाहेरून झिंग्यासारखा क्रेफिश आला आणि थोड्याच वर्षांत दोन्ही जाती एकमेकांत मिसळून एकच खिचडी झाली. हजारो वर्षांत झालेलं इतक्यात गेलं, मला तर चिलखतापेक्षा हे जास्त लागतं मनाला.

दांडियाबाजारवाला
बापरे, एवढं असेल वाटलं नव्हतं, धन्यवाद. म्हणजे सगळं जुन्याच साठ्यातून येतं, नवीन काहीच होत नाही असं सांगू का भाचीला?

सूक्ष्मदर्शी
नका सांगू, पकडेल ती. पोटाखालचे काटे घ्या. पाठीवरच्या तीन काट्यांशिवाय ह्याला पोटाखाली पण दोन काटे असतात, कंबरेच्या हाडाला जोडलेले, म्हणजे आपल्या पायांच्या जागचा अवयव समजा. काही तळ्यांतल्या माशांत ते काटे आणि ते हाड गायबच आहे. का, तर पाण्यात कॅल्शियम कमी असतं हे एक कारण सांगतात, आणि दुसरं असं की चतुराची पाण्यातली अळी काट्याला धरूनच मासा पकडते, हे दुसरं अजून अंदाजच म्हणतात लोक.

तिथे जीन पिट्क्स1 नावाचा. तो जबड्यात आणि मेंदूखालच्या ग्रंथीतही लागतो, म्हणून जीन तोडून चालत नाही, मासा मरेल. तुटलाय तो त्याच्या शेजारचा डीएनएचा एक तुकडा, जो फक्त कंबरेत तो जीन चालू करणारा स्विच आहे. 2010 मध्ये छापून आलं, वेगवेगळ्या तळ्यांत तो तुकडा वेगवेगळ्या जागी कापला गेलाय, म्हणजे प्रत्येक ठिकाणी स्वतंत्रपणे, नव्याने. मग हे शोधणाऱ्या शास्त्रज्ञांनी काटे नसलेल्या माशाच्या अंड्यात तो स्विच जीनसकट परत घातला आणि त्या पिल्लाला कंबरेचं हाड आणि काटे आले! याहून सरळ पुरावा मला तरी माहीत नाही.

भाचीला घेऊन कमाटीबागेच्या म्युझियममध्ये जा, देवमाशाचा सांगाडा आहे तिथे. देवमाशांचेही मागचे पाय असेच गेलेत, फक्त त्याला खूप जास्त काळ लागला.

मत्स्यघर
माझं फिश टँकचं दुकान आहे म्हणून लिहितो, हे वाचून कुणीतरी मला स्टिकलबॅक मागणार हे नक्की 😅 नाही मिळणार, थंड पाण्याचा मासा आहे, आपल्या मे महिन्यात टँकमध्ये उकडून निघेल. नर मात्र बघण्यासारखा असतो, विणीच्या काळात गळा-पोट लालभडक, मूत्रपिंडातून निघणाऱ्या चिकट पदार्थाने काड्या चिकटवून घरटं बांधतो, मादीसमोर नागमोडी नाचतो, अंडी घातली की तिला हाकलतो आणि एकटा परांनी वारा घालत बसतो. टिनबर्गन यांच्या लॅबमध्ये खिडकीबाहेरून लाल पोस्टाची गाडी गेली तरी टँकमधले नर तिकडे धावायचे, दुसरा नर समजून. 1973 चं नोबेल मिळालं त्यांना प्राण्यांच्या वागण्यावरच्या कामाला.

अलकापुरी_काका
ठीक आहे, अर्धं पटलं. पण लोबर्ग तळ्याचं तर आपोआप झालं, मुद्दाम मासे सोडून कुणी पाहिलं का? त्याशिवाय प्रयोग कसा म्हणायचा?

सूक्ष्मदर्शी
पाहिलं ना काका. बेल यांच्याच टीमने समुद्रातले स्टिकलबॅक अलास्कात चेनी तळ्यात 2009 मध्ये आणि स्काउट तळ्यात 2011 मध्ये मुद्दाम सोडले, सोडण्याआधी नमुने ठेवले, आणि मग दरवर्षी जाऊन मासे पकडून त्यांचा डीएनए बघतायत. पट्ट्या तिथेही त्याच दिशेने कमी होतायत.