जुन्या लायोनेल ट्रेनसाठी ट्रान्सफॉर्मर कुठला? १०३३, केडब्ल्यू की झेडडब्ल्यू?

एडिसनकर_बाबा
मंडळी, जरा सल्ला हवाय. शेजारचे आजोबा घर विकून मुलीकडे राहायला गेले आणि जाताना त्यांची लायोनेल कंपनीची खेळण्यातली ट्रेन आमच्या पोरांना देऊन गेले. २०४६ नंबरचं हडसन जातीचं वाफेच्या इंजिनाचं मॉडेल, त्यामागचा शिट्टीवाला टेंडर (कोळशाचा डबा), काही मालडबे, सगळं १९५० च्या आसपासचं, तीन रुळांचं ओ गेज (रुळांचं माप). लायोनेलची फॅक्टरी तेव्हा इथेच हिलसाइडला होती म्हणजे गाडी न्यू जर्सीचीच, पोरांना त्याचं फार कौतुक. ट्रान्सफॉर्मर तेवढा नाहीये. जो तो सांगतो झेडडब्ल्यूच घे, २७५ वॅट, पण किंमत बघून हात आखडतोय. सध्या रुळांचा एकच लूप (गोल फेरा) आहे, पुढे दुसरा टाकायचाय आणि दिवे असलेले पॅसेंजर डबेही घ्यायचेत. खरंच एवढा मोठा लागतो का? आणि घरात पडलेला डीसी अ‍ॅडॉप्टर लावला तर?

तिसरा_रूळ
डीसी नको. इंजिन पळेल, कारण मोटर एसी-डीसी दोन्हीवर फिरते, पण शिट्टी थांबायचीच नाही! टेंडरमधला रिले (विजेवर चालणारा स्विच) डीसी मिळाला की ओढला जातो, त्यावरच तर सगळी करामत आहे. रुळात एसी असतो, तुम्ही शिट्टीचा दांडा ओढला की ट्रान्सफॉर्मर त्यात थोडा डीसी मिसळतो आणि इंजिन मंदावू नये म्हणून वरून काही व्होल्ट जास्त देतो. म्हणून ट्रान्सफॉर्मर घेताना वॅटच्या आधी शिट्टीचा कंट्रोल आहे का ते बघा.
एका लूपला १०३३ घ्या, ९० वॅटचा, शिट्टी आणि उलटसुलट दोन्ही कंट्रोल त्यात आहेत, रुळाला ५ ते १६ व्होल्ट मिळतात, हडसन आणि मालडबे आरामात ओढेल. फक्त ते ९० वॅट म्हणजे भिंतीतून घेतलेले, रुळावर त्याहून बरेच कमी पोचतात. झेडडब्ल्यूचंही तेच, २७५ मधले साधारण १८० हाती लागतात. जुन्या डब्यातला एकेक बल्ब ३ वॅटच्या आसपास खातो, डब्याला दोन धरले तर पाच डब्यांचे ३० वॅट नुसत्या उजेडात गेले. पॅसेंजर गाडी जोडलीत की १०३३ दमणार.

जुनी_गाडी_पुणे
दुसरा लूप नक्की टाकणार असाल तर सरळ केडब्ल्यू घ्या असं माझं स्पष्ट मत. १९० वॅट, दोन गाड्या वेगवेगळ्या हाताने चालवता येतात, दोन्हीला शिट्टी. झेडडब्ल्यूला चार थ्रॉटल (व्होल्टेज कमीजास्त करायचे कंट्रोल) आहेत खरे पण शिट्टी त्यातही दोनच बाजूंना, मधले दोन सिग्नल-बिग्नलसाठी, तेवढा पसारा तुमच्याकडे अजून नाही.
कुठलाही घ्या पण आधी त्याची वायर हातात धरून वाकवा. प्लगपाशी आणि जिथे पेटीत शिरते तिथे रबर तडकलं किंवा भुगा पडला तर भिंतीत लावूच नका, आधी नवी वायर टाकून घ्या. पोरं हाताळणार आहेत. मग पेटी उघडून आतले कार्बनचे रोलर बघा, झिजून खाच पडली असेल तर कॉइलवर ठिणग्या उडतात. शिट्टीची रेक्टिफायर चकती (एसीचा डीसी करणारी) मेलेली असते बऱ्याचदा, तिथे डायोड बसवतात, काम छोटं आहे. आणि आतला ब्रेकर फार सावकाश पडतो, गाडी रुळावरून घसरली की तोवर वायरी तापलेल्या असतात, म्हणून प्रत्येक लूपला बाहेरून वेगळा फास्ट फ्यूज घालाच.

एडिसनकर_बाबा
वा, हे कुणीच सांगितलं नव्हतं! पण मग दोन १०३३ घेतले तर? स्वस्तात मिळतायत.

तिसरा_रूळ
चालतात, पण फेज जुळवावा लागेल, म्हणजे दोघांचा एसी एकाच तालात हवा. दोघांचे कॉमन (सामाईक टर्मिनल) एकमेकांना जोडा, थ्रॉटल सारखे ठेवा आणि दोन्हीच्या रुळाकडच्या टर्मिनलमध्ये मीटर लावा. शून्याजवळ आलं तर ठीक, तीसेक व्होल्ट दिसले तर एकाचा प्लग उलटा करून लावा आणि प्लगवर खूण करून ठेवा. सगळ्यात महत्त्वाचं, रूळ जोडलेले असताना एकच प्लग काढून ठेवू नका. इंजिन दोन लूपच्या सांध्यावर असलं की चालू ट्रान्सफॉर्मरचा करंट बंद असलेल्यात उलटा शिरतो आणि त्याच्या मोकळ्या प्लगच्या पिनांवर शंभरेक व्होल्ट येऊ शकतात. दोन्ही एकाच स्विचच्या पट्टीवर लावा, बंद करायचं तर पट्टीच बंद करा.

एडिसनकर_बाबा
बाप रे. मग केडब्ल्यूच. शेवटचं एक, दोनेक वर्षांत पुण्याला परतायचा विचार आहे, तिथे चालेल ना?

जुनी_गाडी_पुणे
चालेल, पण नुसता ११० चा स्टेपडाऊन लावून भागत नाही. हे ११५ व्होल्ट ६० हर्ट्झचे, आपल्याकडे ५०, त्यामुळे ११० वर सुद्धा ट्रान्सफॉर्मरच्या लोखंडी गाभ्यावर साधारण १५ टक्के जास्त ताण येतो, पेटी गुरगुरते आणि तापते. तपकीर गल्लीत चौकशी करून २३० चा १०० करणारा वाइंड करून घ्या, ५०० व्हीए पुरे. लोखंड-तांब्याचाच घ्या, प्रवासातला हलका इलेक्ट्रॉनिक कन्व्हर्टर नको. रुळावर २० च्या जागी १७-१८ मिळतील, हडसनला तेवढे भरपूर झाले.