‘स्टेट ट्रेझरर’ला मराठीत काय म्हणावं : खजिनदार, कोषाध्यक्ष की अर्थमंत्री?

अमेरिकेतल्या मिझुरी राज्याच्या कारभारावर मराठीत टिपण लिहायला घेतलं आहे. त्यात एका राजकारण्याची कारकीर्द सांगायची आहे आणि ‘ट्रेझरर’ या शब्दापाशी काम अडलं आहे. माझ्या संपादकांचा आग्रह ‘अर्थमंत्री’चा आहे, वाचकाला पटकन कळतं म्हणून. मला तो शब्द मुळीच पटत नाही. जाणकारांनी मत द्यावं.

आधी माणसाबद्दल सांगतो, कारण शब्दाचा निवाडा त्याच्या कारकिर्दीतूनच होईल. स्कॉट फिट्झपॅट्रिक हे शेल नॉब या लहानशा गावचे, रिपब्लिकन पक्षाचे. तळ्याकाठी बोटी लावायचे धक्के बांधणारी त्यांची कंपनी. २०१२ साली, पंचविशीत, ते राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले. १६३ सदस्यांचं हे सभागृह, मुदत दोन वर्षांची, आणि कुणालाही तिथे एकूण आठ वर्षांहून जास्त बसता येत नाही. पुढे ते सभागृहाच्या अंदाजपत्रक समितीचे अध्यक्ष झाले. हे पद वजनदार आहे. गव्हर्नर जानेवारीत अंदाजपत्रक सुचवतो, पण त्याची चिरफाड आधी या समितीत होते. शाळांना किती, रस्त्यांना किती, वैद्यकीय मदतीला किती, हे तिथे ठरायला लागतं, आणि मे महिन्याच्या सुरुवातीला विधिमंडळाला खर्चाची विधेयकं मंजूर करावीच लागतात.

डिसेंबर २०१८ मध्ये गव्हर्नर माइक पार्सन यांनी त्यांना स्टेट ट्रेझरर नेमलं, आणि जानेवारी २०१९ मध्ये त्यांनी शपथ घेतली. हे पद एरवी मतदार निवडून देतात. मग नेमणूक का? तर जोश हॉली हे राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल नोव्हेंबर २०१८ मध्ये अमेरिकेच्या सिनेटवर निवडून गेले. त्यांच्या जागी पार्सन यांनी तेव्हाचे ट्रेझरर एरिक श्मिट यांना आणलं, आणि श्मिट यांची खुर्ची रिकामी झाली. स्वतः पार्सनही आदल्या जूनमध्ये, एरिक ग्रायटन्स यांनी राजीनामा दिल्यावर, उपगव्हर्नरचे गव्हर्नर झाले होते. म्हणजे एका वर्षात राज्यातली बरीच मोठी पदं मतपेटीबाहेरच भरली गेली. २०२० मध्ये फिट्झपॅट्रिक त्याच पदावर रीतसर निवडून आले, आणि २०२२ मध्ये राज्याचे ऑडिटर म्हणून.

आता शब्दाकडे. समितीचे अध्यक्ष असताना पैसा कुठे जावा यावर त्यांची पकड होती. ट्रेझरर झाल्यावर एक डॉलरही कुठे खर्च करायचा हे ठरवणं त्यांच्या हाती उरलं नाही. तिजोरी सांभाळायची, तूर्त न लागणारा पैसा गुंतवायचा, राज्यातल्या बँकांत ठेवी ठेवायच्या, त्या ठेवींच्या आधारे शेतकऱ्यांना आणि छोट्या उद्योगांना स्वस्त कर्ज मिळेल अशी योजना चालवायची, लोकांचा विसरलेला पैसा परत करायचा. कर बसवणं नाही, अंदाजपत्रक मांडणं नाही. याला ‘अर्थमंत्री’ म्हटलं तर वाचकाला वाटेल की समितीचा अध्यक्ष बढती मिळून आणखी मोठ्या खर्चाचा धनी झाला. घडलं ते वेगळंच.

दुसरं असं की आपल्याकडे मंत्री हा विधिमंडळाचा सदस्य असावाच लागतो. नसेल तर सहा महिन्यांत व्हावं लागतं, अनुच्छेद १६४ नुसार. जयंत पाटील १९९९ नंतर बरीच वर्षं राज्याचे अर्थमंत्री होते, ते आमदार असतानाच. मिझुरीत ट्रेझरर व्हायचं तर आधी आमदारकी सोडावी लागते. म्हणून ‘मंत्री’ हा शब्द मला दोन्ही बाजूंनी खोटा वाटतो.

माझा कल ‘खजिनदार’कडे आहे. अडचण एवढीच की गणपती मंडळापासून गृहनिर्माण संस्थेपर्यंत सगळीकडे खजिनदार असतो, त्यामुळे राज्याच्या पदाला तो शब्द तोकडा वाटेल का?

प्रतिसाद

तोकडा का वाटावा? ‘अध्यक्ष’ हा शब्दही मंडळालाही चालतो आणि अमेरिकेलाही. पदाची उंची मागे काय जोडलंय त्यावरून कळते. ‘मिझुरी राज्याचे खजिनदार’ म्हटलं की कुणाच्या मनात वर्गणीची पावतीपुस्तकं येणार नाहीत.

तुम्ही सांगितलेली कारकीर्द वाचून मला कौटिल्य आठवला. अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात तीन प्रकरणं लागोपाठ येतात. संनिधाता म्हणजे कोशगृह, कोठार यांचा राखणदार. समाहर्ता म्हणजे महसूल गोळा करणारा, जमाखर्चाचा आराखडा धरणारा. आणि अक्षपटल म्हणजे हिशेब तपासण्याची कचेरी. ही तीन कामं तीन हातांत असावीत, एकच माणूस पैसा आणणारा, राखणारा आणि तपासणारा नसावा, हे शहाणपण किती जुनं आहे! तुमचे फिट्झपॅट्रिक आधी खर्चाच्या बाजूला, मग संनिधात्याच्या जागी आणि आता अक्षपटलात. ‘संनिधाता’ आज कुणाला कळणार नाही, तेव्हा तो सुचवत नाही. पण ट्रेझरर हा राखणदार आहे, ठरवणारा नाही, हे तुमचं म्हणणं त्यातून पक्कं होतं.

प्रतिसाद

मराठी राज्यातले शब्दही बघा. रोख पैशाचा हिशेब पोतनीस ठेवी. पोतदार नाणी पारखून घेई. जडजवाहीर आणि उंची वस्त्रं जामदारखान्यात असत. एकूण जमाखर्चावर देखरेख मुजुमदाराची, शिवाजी महाराजांच्या अष्टप्रधानांत तोच अमात्य. हे सगळे शब्द आज आडनावांत उरले आहेत, त्यामुळे पदनाम म्हणून परत आणता येणार नाहीत. ‘मिझुरीचे पोतनीस’ म्हटलं तर लोक त्या माणसाचं आडनावच समजतील. ‘खजिनदार’ मात्र आडनावांत फारसा अडकला नाही, पद म्हणून जिवंत राहिला. माझं मत त्यालाच.

प्रतिसाद

मी जिल्हा कोषागार कार्यालयात नोकरी केली आहे, म्हणून ‘कोष’वाल्या शब्दांबद्दल लिहितो. कुणी ‘राज्य कोषागार अधिकारी’ सुचवण्याआधीच सांगतो की ते करू नका. आमच्याकडचा कोषागार अधिकारी देयकं तपासतो, पारित करतो, निवृत्तिवेतन सुरू ठेवतो, नोव्हेंबरात हयातीचे दाखले घेतो. राज्याचा पैसा गुंतवणं त्याच्या कामात नाही. राज्याची बँक म्हणजे रिझर्व्ह बँक. ‘बिल ट्रेझरीत आहे’ हे वाक्य प्रत्येक शिक्षकानं आणि ठेकेदारानं कधी ना कधी म्हटलेलं असतं, आणि त्यातली ट्रेझरी मिझुरीच्या ट्रेझररच्या कचेरीपेक्षा अगदी वेगळी आहे. ‘कोषागार’ वाचल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे आमची खिडकी येईल.

‘कोषाध्यक्ष’ चुकीचा नाही, पण तो राजकीय पक्षांनी घेतला आहे. ‘माजी आमदाराची कोषाध्यक्षपदी नियुक्ती’ असं वाचलं की वाटतं, पक्षाच्या निधीचं काम दिलं. तुमच्या वाक्यात नेमका हाच घोटाळा होईल, कारण माणूस पक्षाचाच आहे.

(कोश की कोष यावर वाद नको. संस्कृतात दोन्ही रूपं आहेत. मराठीत शब्दकोशाला श आणि कोषागाराला ष असं रुळलं आहे, तेच ठेवावं.)

प्रतिसाद

मूळ प्रश्नाइतकाच मोठा प्रश्न ‘नेमणूक’ या शब्दात आहे, त्याकडे अजून कुणी पाहिलं नाही. टिपणात ‘राज्यपालांनी नेमलं’ असं लिहाल तर सगळंच बिघडेल. आपला राज्यपाल राष्ट्रपती नेमतात आणि तो मंत्रिमंडळाच्या सल्ल्यानं चालतो. ‘राज्यपालनियुक्त’ म्हटलं की आपल्याला विधान परिषदेच्या १२ जागा आठवतात. मिझुरीचा गव्हर्नर लोकांनी निवडलेला, कारभाराचा खरा प्रमुख आहे, आपल्या मुख्यमंत्र्याच्या जवळचा. तुम्ही ‘गव्हर्नर’ असंच लिहिलं आहे ते योग्य, संपादकांना ते बदलू देऊ नका.

आणि ‘नियुक्त खजिनदार’पेक्षा ‘रिकाम्या झालेल्या पदावर नेमणूक’ असं उलगडून लिहा. ‘नियुक्त’ म्हटलं की ते पद कायमच नेमणुकीनं भरतात असं वाटतं.

प्रतिसाद

‘स्वीकृत खजिनदार’ चालेल का? महापालिकेत निवडणुकीशिवाय येणाऱ्याला आपण स्वीकृत नगरसेवक म्हणतोच की.

प्रतिसाद

नाही चालणार. स्वीकृत सदस्य निवडून आलेल्यांसोबत जादा म्हणून घेतला जातो, आणि त्याला सभागृहात मतदानाचा अधिकार नसतो. फिट्झपॅट्रिक यांच्याकडे पद पूर्ण अधिकारांसह आलं. ‘कार्यवाहू’ आणि ‘प्रभारी’ही त्याच कारणानं बाद. ते शब्द कायमचा माणूस येईपर्यंत गाडा हाकणाऱ्यासाठी आहेत. इथे २०१६ मध्ये श्मिट यांना मिळालेली मुदत फिट्झपॅट्रिक यांनी पुरी केली. आपल्याकडच्या कागदांत यासाठी ‘उर्वरित मुदतीसाठी’ हे शब्द वापरतात, तेच नेमके आहेत.

प्रतिसाद

न्यू जर्सीहून लिहिते आहे. ‘खजिनदार’ मिझुरीपुरता ठीक, पण सरसकट नियम करू नका ही विनंती. आमच्याकडे स्टेट ट्रेझरर कधीच निवडणुकीनं येत नाही. गव्हर्नर नेमतो आणि राज्याचं सिनेट संमती देतं. त्याच्या खात्यातच अंदाजपत्रकाची कचेरी आहे, करवसुलीही त्याच्याच खात्याकडे. अंदाजपत्रकावर विधिमंडळाच्या समित्यांपुढे तोच साक्ष द्यायला बसतो. इथल्या एडिसन गावच्या कुणा मराठी माणसाला ‘खजिनदार’ म्हणजे फक्त तिजोरीची किल्ली सांभाळणारा असं सांगितलं तर ते आमच्या राज्यापुरतं खोटं ठरेल. मेन आणि न्यू हॅम्पशरमध्ये तर विधिमंडळच ट्रेझरर निवडतं. एकच इंग्रजी नाव आणि आत निरनिराळी कामं, असा प्रकार आहे. तेव्हा पदाच्या नावामागोमाग एका ओळीत काम सांगितलंच पाहिजे, मग शब्द कुठलाही असो.

आणखी एक. तुमच्या टिपणात पुढची कडी येणार असेल तर विवेक मलेक यांचा उल्लेख जरूर करा. फिट्झपॅट्रिक ऑडिटर झाल्यावर जानेवारी २०२३ मध्ये त्यांच्या जागी तेच आले, पुन्हा पार्सन यांच्याच नेमणुकीनं. मूळचे हरियाणातल्या रोहतकचे, व्यवसायानं वकील, विधिमंडळाचा अनुभव नसलेले. २०२४ मध्ये तेही निवडून आले.

प्रतिसाद

‘आमदार’ या शब्दाचं काय? प्रतिनिधिगृहाच्या सदस्याला तुम्ही एका ठिकाणी आमदारकी जोडली आहे. मला ते आवडलं. श्री ठाणेदार २०२० मध्ये मिशिगनच्या प्रतिनिधिगृहात निवडून आले ते ‘आमदार’ आणि २०२२ मध्ये अमेरिकी काँग्रेसवर गेले ते ‘खासदार’, असं लिहिलं की बेळगावपासून नागपूरपर्यंत कुणालाही समजावून सांगावं लागत नाही. काम खरोखरच सारखं आहे, राज्यासाठी कायदे करणं. जिथे काम जुळतं तिथे आपला शब्द बिनधास्त घ्यावा. अर्थमंत्र्याचं काम जुळत नाही, म्हणून तो घेऊ नये. एकच कसोटी दोन्हीकडे लावता येते.

शीर्षकात मात्र ‘आमदार-खजिनदार’ अशी जोडी करू नका. मराठीत त्याचा अर्थ दोन्ही पदं एकाच वेळी असा होतो.

प्रतिसाद

‘विसरलेला पैसा’ असं तुम्ही लिहिलं आहे त्यासाठी कुठला शब्द वापरणार? ‘बेवारस मालमत्ता’ कृपया नको. बेवारस म्हणजे वारस नसलेली, आणि ती आपल्याकडे सरकारजमा होते. मिझुरीच्या खजिनदाराकडे येणाऱ्या पैशाला मालक असतो, फक्त त्याला पत्ता नसतो. जुनं बँक खातं, विम्याची रक्कम, वीजजोडणीची अनामत, लॉकरमधल्या वस्तू. त्यात सैनिकांची पदकंही सापडतात, आणि ती त्यांच्या घरच्यांपर्यंत पोचवायचा प्रयत्न कार्यालय करतं. हक्क सांगायला मुदतीचं बंधन नाही. आपल्या बँका ‘दावा न केलेल्या ठेवी’ म्हणतात, रिझर्व्ह बँकेचं २०२३ मधलं ‘उद्गम’ संकेतस्थळ त्याच ठेवींसाठी आहे. ‘दावा न केलेली मालमत्ता’ थोडं लांब आहे, पण खरं आहे. बेवारस म्हटल्यावर माणूस आपलं नाव शोधायलाच जाणार नाही.

धागालेखक

सर्वांचे मनापासून आभार. ‘बेवारस’बद्दलचा मुद्दा माझ्या ध्यानात आला नव्हता, तो जसाच्या तसा घेतो. न्यू जर्सीच्या ताईंचं म्हणणंही मान्य. ‘खजिनदार’ हा शब्द मिझुरीच्या टिपणातच राहील आणि पहिल्या उल्लेखालाच काम सांगितलं जाईल.

एक मुद्दा तेवढा पुढे नेतो. राखणदार ठरवणारा नसतो हे खरं, पण त्याला वजन नसतं असं नाही. मिझुरीचा खजिनदार राज्य कर्मचाऱ्यांच्या निवृत्तिवेतन निधीच्या मंडळावर पदसिद्ध असतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये त्या निधीनं ब्लॅकरॉक या गुंतवणूक कंपनीकडचे सुमारे ५० कोटी डॉलर काढून घेतले. त्याची घोषणा फिट्झपॅट्रिक यांनीच केली आणि देशभर त्यावर वाद झाला. पैसा कुठे खर्च करायचा हे त्यांच्या हातात नव्हतं, तरी कुठे ठेवायचा यावरून राजकारण करता येतं हे तेव्हा दिसलं. म्हणून टिपणात ‘फक्त तिजोरी सांभाळणारा’ असं मी लिहिणार नाही.

‘ऑडिटर’ला राज्य लेखापरीक्षक. त्यावर कुणाची हरकत दिसत नाही.

संपादकांकडे पाठवतो आहे ते वाक्य असं : ‘अंदाजपत्रक समितीचे अध्यक्ष असलेले आमदार स्कॉट फिट्झपॅट्रिक यांची गव्हर्नर पार्सन यांनी डिसेंबर २०१८ मध्ये, रिकाम्या झालेल्या पदावर उर्वरित मुदतीसाठी, राज्याचे खजिनदार म्हणून नेमणूक केली. राज्याचा पैसा सांभाळणं व गुंतवणं हे या पदाचं काम. अंदाजपत्रक ठरवण्याचा अधिकार त्याला नाही.’ यात कुणाला काही खटकत असेल तर आठवड्याभरात सांगा, त्यानंतर मजकूर छपाईला जाईल.