शब्दचर्चा : ‘पिता’, ‘जनक’ आणि ‘मदतनीस’

प्रश्न : मुंबईतील शालेय विद्यार्थ्यांसाठी सातभाई या पक्ष्यावर टिपण लिहीत आहे. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानात त्यांच्या घरट्यावर एक पक्षी चोचीत अळी घेऊन येतो, पिल्लाला भरवून बाजूला होतो, की लगेच दुसरा पुढे सरकतो आणि त्याच्यामागे तिसरा. नर-मादी दिसायला सारखेच असल्याने यांतील बाप कोणता, हे कळत नाही. अशा वेळी ‘पिता’ कोणाला म्हणावे? तसेच ‘मोनोगॅमी’साठी, म्हणजे एकाच जोडीदारासोबत राहण्यासाठी, ‘एकपत्नीव्रत’ योग्य होईल का?

उत्तर : ‘एकपत्नीव्रत’ कृपया वापरू नये. व्रत जाणूनबुजून घेतले जाते. येथे आपल्याला एवढेच दिसते की एक जोडी एका घरट्यावर राहते, आणि त्यावरून पिल्ले त्याच नराची आहेत असे सिद्ध होत नाही. १९८५ मध्ये डीएनएवरून नाते ओळखण्याची डीएनए ठशांची पद्धत प्रसिद्ध झाली व पुढे ती पक्ष्यांनाही लावली गेली, तेव्हा हा फरक उघड झाला. ऑस्ट्रेलियातील सुपर्ब फेअरीरेन हा चिमुकला पक्षी जोडीने राहतो, त्या जोडीला इतर नर मदतही करतात. पण १९९४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे तीन चतुर्थांश पिल्लांचे जनक गटाबाहेरचे नर निघाले. उलट फ्लोरिडा स्क्रब जे या पक्ष्यात घरटे करणारी जोडीच पिल्लांची जन्मदाती असते. म्हणून ‘सामाजिक एकसाथी’ (जोडीने राहणारे) आणि ‘जनुकीय एकसाथी’ (ज्यांची पिल्लेही त्याच जोडीची असतात) असे दोन शब्दप्रयोग वेगळे ठेवावेत. ‘व्यभिचार’, ‘अनौरस’ हे शब्द तर माणसांच्या न्यायनिवाड्याचे आहेत. ‘जोडीबाह्य पितृत्व’ पुरेसे आहे.

‘पिता’ऐवजी मी ‘जनक’ सुचवेन. दत्तकविधानात ‘जनक पिता’ आणि ‘दत्तक पिता’ हा भेद आपण करीतच आलो आहोत. जनुकीय नात्यासाठी ‘जनक’ राखावा आणि भरवणाऱ्या प्रत्येकाला ‘पालक’ म्हणावे.

प्रतिसाद : ‘जनक’ मान्य, ‘पालक’बद्दल मात्र हरकत आहे. शाळेतील पालकसभेमुळे मुलांच्या मनात पालक म्हणजे आईबाप हाच अर्थ पक्का बसला आहे, त्यामुळे जो घोळ टाळायचा तोच पुन्हा होईल. पक्षीशास्त्रज्ञ अलेक्झांडर स्कच यांनी १९३५ मध्ये अशा पक्ष्यांना घरट्यावरचे मदतनीस म्हटले होते. ‘मदतनीस’ हा शब्द मुलांना सहज कळेल. मदतनीस बहुधा आधीच्या विणीची भावंडे असतात. आईबाप तेच असतील तर नवे पिल्लू त्यांचे सख्खे भावंड ठरते व सामाईक जनुकांचे प्रमाण सरासरी निम्मे असते. आई तीच राहून जनक बदलला की ते एक चतुर्थांशावर येते. उत्क्रांतीचे अभ्यासक हॅमिल्टन यांच्या १९६४ च्या मांडणीनुसार नातलगाला मदत करणे कधी फायद्याचे ठरते, याचा हिशोब याच प्रमाणावर अवलंबून असतो, म्हणून ‘सख्खे’ आणि ‘सावत्र’ हे शब्दही टिपणात जपून वापरावेत. सातभाईंचाच नातलग असलेल्या अरेबियन बॅबलरमध्ये जवळजवळ सर्व पिल्लांचा जनक टोळीतील वरचढ नर असतो, पण तेवढ्यावरून आपल्या सातभाईंविषयी तसेच विधान करू नये. ‘टोळीतील अनेक पक्षी पिल्लांना भरवतात’ हे वाक्य अचूक आहे, तेच ठेवावे.