यशिका-ए आणि इन्फ्रारेड फिल्म : फोकस नेमका किती सरकवायचा?

नमस्कार मंडळी, मदत हवी आहे.

वडिलांचा यशिका-ए (ट्विन लेन्स, खाली ८० मिमी एफ/३.५ यशिकोर) गेल्या वर्षी दुरुस्त करून घेतला. साध्या कृष्णधवल फिल्मवर तो एफ/४ लाही सुरेख शार्प फोटो देतो. म्हणजे वरची बघायची लेन्स आणि खालची फोटो घेणारी लेन्स यांचा मेळ नीट बसलेला आहे.

दसऱ्यानंतर गावी गेले तेव्हा पहिल्यांदाच रोलाय इन्फ्रारेड ४०० चा १२० रोल भरला. सावलीत भरला, मागच्या लाल खिडकीवर (जिच्यातून फ्रेमचा आकडा दिसतो) काळी पट्टी चिकटवली, खालच्या लेन्सवर ७२० नॅनोमीटरचा, म्हणजे जवळजवळ फक्त इन्फ्रारेड आत सोडणारा फिल्टर लावला. ट्विन लेन्सचं सुख असं की फिल्टर कोळशासारखा काळा असला तरी वरून सगळं लख्ख दिसत राहतं. देवळासमोरची दीपमाळ साधारण ५ मीटरवर होती. भिंग लावून तिच्यावर फोकस केला. तिच्या मागे मीटरभरावर पिंपळाचा बुंधा आहे.

निगेटिव्ह घरीच धुतली. पिंपळ पांढराशुभ्र आला आहे, आकाश जवळजवळ काळं. बघून अंगावर काटा आला. पण दीपमाळ मऊ आणि मागचा बुंधा मात्र कातीव! सालीच्या भेगासुद्धा मोजता येतात. त्याच रोलवर डोंगराचे दोन फोटो फोकस अनंतावर ठेवून काढले होते, त्यांत तर काहीच शार्प नाही. कॅमेरा हललेला नाही, बुंधा त्याची साक्ष देतो.

इन्फ्रारेड किरण फिल्मच्या थोडं मागे एकत्र येतात, म्हणून लेन्स जरा पुढे घ्यावी लागते, हे मला माहीत आहे. ३५ मिमी फिल्मच्या कॅमेऱ्यांच्या जुन्या लेन्सवर त्यासाठी लाल ठिपका किंवा आर अक्षर असतं. माझ्या फोकसच्या नॉबवर तसली खूण नाही. फोकल लेंग्थच्या १/४०० इतकी लेन्स पुढे घ्या, असा एक जुना ठोकताळा वाचला; म्हणजे माझ्याकडे ०.२ मिमी. पण नॉबवर ०.२ मिमी ओळखायचं कसं? आणि ही फिल्म जेमतेम ८२० नॅनोमीटरपर्यंतच बघते. जुनी कोडॅकची इन्फ्रारेड फिल्म एचआयई ९०० पर्यंत जायची. मग माझ्या फिल्मला पूर्ण १/४०० लागेल का?

अ‍ॅपर्चर बारीक करा म्हणजे फोकसची चूक झाकली जाईल, असं सांगाल. पण फिल्टरसकट ही फिल्म मी आयएसओ ६ धरते, म्हणजे फारच मंद. भर उन्हात एफ/४ ला १/१०० मिळतं, एफ/८ ला १/२५. या कॅमेऱ्यात १/२५ च्या खाली थेट 'बी'च आहे, म्हणजे बटण दाबून ठेवू तेवढा वेळ शटर उघडं. आणि पिंपळाचं पान वाऱ्याशिवायही हलतं.

एकच रोल उरला आहे. पानगळ सुरू व्हायच्या आत मला ती दीपमाळ हवी आहे, मागे पांढरा पिंपळ घेऊन.

प्रतिसाद

ताई, तुमचं निदान बरोबर आहे. ५ मीटरवर फोकस करून ०.२ मिमी कमी पडलं, तर फोकस ५.९ मीटरवर जातो. बुंधा तिथेच आहे! अनंतावर तर फोकसच्या पलीकडे काही उरतच नाही, म्हणून डोंगर गेले.

नॉबवर ५० फुटांची खूण असेल तर काम सोपं आहे. अनंतापासून ५० फुटांपर्यंत ८० मिमीची लेन्स साधारण ०.४२ मिमी पुढे येते. त्यातलं निम्मं अंतर म्हणजे तुमची पूर्ण दुरुस्ती. कागदाच्या पट्टीवर तेवढं अंतर आखून नॉबजवळ चिकटवा. आधी काचेवर फोकस करा आणि मग नॉब 'जवळ'च्या बाजूला तेवढा फिरवा.

पूर्ण लागेल की निम्मं, हे मात्र मोजूनच ठरवा. जमिनीवर मोजपट्टी लांबवर पसरा, २ मीटरच्या आकड्यावर फोकस करा, एफ/३.५ ला दुरुस्ती न करता एक फोटो काढा. पूर्ण १/४०० ची चूक असेल तर सुमारे १२ सेंमी मागचा आकडा शार्प येईल.

आणि दीपमाळेसाठी ट्रायपॉडवर एफ/८ च घ्या. पानं थोडी हलली तर हलू देत, पांढरी पानं हललेलीही छान दिसतात.

धागाकर्तीचं उत्तर

दादा, मनापासून आभार. रोलची पहिली फ्रेम मोजपट्टीवर खर्च केली आणि एवढा तुकडा अंधारात कापून धुतला. सर्वांत शार्प आकडा २ मीटर ७ सेंमीचा आहे. म्हणजे निम्म्याहून थोडी जास्त दुरुस्ती, ०.१२ मिमीच्या आसपास. पट्टीवर तेवढीच खूण केली आहे. कापाकापीत आणखी एक फ्रेम गेली, दहा उरल्या. रविवारी सकाळी गावी जाते आहे.